अठरा नंबरचं दार

आमच्या विद्यापीठाची जुनी इमारत पाडायची ठरली तेव्हा वारसा जतन समितीत माझी वर्णी लागली. कारण सोपं होतं. मी मराठी शिकवायचे, आणि दिल्लीत मराठी शिकवणाऱ्या बाईला दुसरं काम नसतं असा सगळ्यांचा पक्का समज होता. जानेवारीत पानिपतच्या काला अंब युद्धस्मारकाला येणाऱ्या पाहुण्यांपुढे कुणी दोन शब्द बोलायला हवं असलं की माझी आठवण व्हायची. एरवी मी आणि माझ्या वर्गातली तीन मुलं, आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

समितीनं खुर्च्या, फळे, जिन्याचे कठडे आणि पुष्कळ दारं वाचवली. त्यात आमच्या वर्गाचं सागवानी दार होतं, चौकट-उंबरठ्यासकट. त्यावर पांढऱ्या रंगात '१८' लिहिलेलं. नव्या इमारतीत सगळ्यांना खोल्या मिळाल्या, आम्हाला नाही. वेळापत्रकात मात्र आमच्यापुढे 'खोली १८' तशीच होती. मी तणतणत इस्टेट विभागातल्या साहेबांकडे गेले.

"मैडम, कमरा नंबर अठारा तो आपके पास है," ते म्हणाले.

"वो तो टूट गया!"

"दरवाज़ा तो है न? रेकॉर्ड में नंबर दरवाज़े का चलता है. बस, इस्तेमाल में रहना चाहिए. वरना नीलामी. दरवाज़ा गया तो कमरा गया, कमरा गया तो क्लास बंद."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. माणूस चेष्टा करत नव्हता.

वर्ग बंद झाला असता तर मुलांना भर वर्षात दुसरा विषय घ्यावा लागला असता. त्यातली एक मुलगी फरीदाबादहून यायची. मराठी का घेतलीस, असं मी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "मॅडम, बाबा फॅक्टरीतून येऊन मराठीत ओरडतात. मला हाफच समजतं. मला पूर्ण समजायला पाहिजे." एवढं चोख कारण मला आजवर कुणी दिलं नव्हतं. हा वर्ग बंद होऊ द्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

मागच्या अंगणात कडुनिंबाखाली आम्ही ते दार उभं केलं. खाली विटा, बाजूनं टेकू. भिंत नाही, छत नाही. दारापलीकडे बाकं मांडून मी शिकवायला लागले.

"मॅडम, साइडनं येऊ ना? कुणी बघत नाहीये."

"मी बघतेय. दारातून ये, आणि आधी विचार."

चहावाला पहिले काही दिवस हसत कडी वाजवायचा, मग न हसता वाजवायला लागला. अंगणात गोंधळ वाढला की मी उठून दार लावून घ्यायचे. आणि खरं सांगते, आवाज कमी व्हायचा.

मग आमचीच समिती पाहणीला आली. एक सदस्य बाजूनं आत आले, तेव्हा चौकटीबाहेर ताटकळलेले अध्यक्ष त्यांच्यावर खेकसले, "दरवाज़े से आइए!" ते बिचारे परत गेले आणि विचारून आत आले. शेरा मिळाला: खोली उत्तम वापरात, उजेड भरपूर, परंतु खिडकी व पंखा नाही. पंखा मंजूरही झाला. इलेक्ट्रिशियन आला, बराच वेळ कडुनिंबाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हुक कहाँ है?"

इथवर ठीक होतं. पण अध्यक्षांना दार इतकं आवडलं की त्यांनी ते कुलगुरूंच्या इमारतीच्या लॉबीत शोभेला ठेवायचा हुकूम काढला. मी संतापानं लाल होऊन आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये परतले. केंद्र सरकारच्या नोकरीत मुरलेल्या नवऱ्यानं पोळी मोडत सगळं ऐकून घेतलं.

"दारावरचा नंबर पुसला का?"

"नाही."

"वेळापत्रक बदललं?"

"नाही."

"मग तुझा वर्ग लॉबीत आहे," तो म्हणाला आणि त्यानं आणखी भाजी वाढून घेतली.

सोमवारी मी सतरंजी घेऊन लॉबीत गेले आणि दारामागे संगमरवरावर वर्ग मांडला. गार्ड धावत आला. मी दारावरचा नंबर दाखवला, वेळापत्रक दाखवलं. त्यानं दोन्ही ताडून पाहिलं आणि "सॉरी मैडम" म्हणत दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं कुलगुरू फोनवर मोठमोठ्यानं बोलत आले. बंद दार दिसताच त्यांनी आवाज खाली आणला आणि चवड्यांवर चालत निघून गेले.

तेवढ्यात कडी वाजली. फरीदाबादची मुलगी, उशिरा. मी सतरंजीवरूनच ओरडले.

"ही काय वेळ झाली? रोज मेट्रोच्या नावानं खडे फोडायचे, आणि आम्ही इथे तुझी वाट बघत बसायचं? काडीची शिस्त नाही अंगात! ये आत, आणि दार लाव!"

ती उंबरठ्यावर थांबली. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"मॅडम," ती म्हणाली, "पूर्ण समजलं."