भादव्यात उकरलेली मुळं

माहेरून आणलेल्या एकाच गोष्टीचा आमच्या आईला गर्व होता, ती म्हणजे परसातला देशी गुलाब. नृसिंहवाडीजवळच्या तिच्या माहेरी असल्या गुलाबांचं कुंपणच होतं. लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाहून परतताना तिनं एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीतून गडमुडशिंगीला आणली आणि मोरीच्या पाण्याशेजारी रोवली. फूल फिकट गुलाबी, लहानसं, पाकळ्यांनी गच्च. दुपारपर्यंत मान टाकायचं. पण सकाळी मागचं दार उघडलं की वास चुलीपर्यंत यायचा. फुलायचं वर्षातनं एकदाच, फाल्गुनात. शेजारणी म्हणायच्या, नर्सरीतलं कलम आणा की, बारमाही फुलतंय. आई म्हणायची, "त्या फुलास्नी वास हाय का? मग कागदाचीच आणून लावते की!"

आमच्या हवेत असला गुलाब सांभाळायचा म्हणजे कटकटच. त्याला थंडी हवी असते, आणि आमच्याकडची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. म्हणून त्याला मुद्दाम झोपवावं लागतं. पाऊस पुरता गेला की पाणी तोडायचं, बुंध्याभोवतीची माती उकरायची आणि जाड मुळं उन्हाला उघडी टाकायची. पानं पिवळी पडून गळतात, झाड मेल्यागत दिसतं. मग छाटणी, कुजलेलं शेणखत, माती आणि पाणी. उकरायचं काम आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांची उभी हयात फाउंड्रीत मातीचे साचे करण्यात गेली, त्यांच्या हाताला मातीची सवय होती. पण कधी उकरायचं ते आई ठरवायची. कार्तिकात एखाद्या सकाळी ती परसात उभी राहून आभाळ बघायची, वारं बघायची आणि म्हणायची, "हं, आता उकरा." तिनं सांगितल्याशिवाय आबांनी खुरपं कधी हातात धरलं नव्हतं.

गेल्या श्रावणात आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला आणि आबांना बाजूला बोलावून सांगितलं की ऑपरेशनचा उपयोग नाही, दिवाळीपर्यंत धरून चाला. बाहेर बाकड्यावर आबा बराच वेळ चपलेकडं बघत बसले. मग म्हणाले, "तिला ह्यातलं कायबी सांगायचं न्हाय." मी मान हलवली. आमच्यात असंच करतात, त्यात विचार करण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. आईला सांगितलं, अल्सर आहे, औषधानं जाईल.

उचगावला माझं सासर. शाळेत रजा टाकून मी माहेरी राहायला आले. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी पुढच्या दारात गाठायचं, काय बोलायचं ते शिकवायचं आणि मग आत सोडायचं. दारात डोळे पुसणारी माणसं आत जाऊन मोठ्यांदा हसायची. "काय न्हाय वो काकू, म्हैनाभरात ठणठणीत हुताय बघा!" आमच्याकडच्या माणसांचा आवाज आधीच मोठा, त्यात हे खोटं बोलणं. मला त्या आवाजाची शिसारी यायला लागली. पण सगळ्यांत मोठ्यांदा हसणारी मीच होते.

आईची खाट आम्ही मागच्या दाराशी टाकली होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "ह्या औषधांच्या वासानं डोस्कं उठलंय. फागुनात गुलाब फुलला की पयलं फूल मला द्या. देवाला दुसरं." आबा म्हणाले, "दिऊ की!" आणि उठून मोरीवर तोंड धुवायला गेले. तोंड धुवायला एवढा वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मागं आले तर आबा गुलाबाच्या बुंध्याशी उकिडवे बसून माती उकरत होते. गणपती बसून दोन-चार दिवसच झाले होते. भादवा संपायचा होता, आभाळात ढग होते. आई खाटेवर कुशीवर वळून बघत होती.

"अवो, अजून पाऊस हाय की," ती म्हणाली.

"गेला पाऊस," आबा मागं न बघता म्हणाले. "आवंदा जरा लवकर फुलवू. दिवाळीत फूल दितो तुला."

आई "बरं" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. दमली असेल, असं मला वाटलं.

पाऊस गेला नव्हता. विसर्जनाच्या आधीपासून जो लागला तो थांबेचना. आमची जमीन काळी, पाणी पडलं की धरून ठेवणारी. उकरलेल्या आळ्यात पाणी साचलं आणि उघडी मुळं त्यात बुडाली. आबा तांब्यानं पाणी उपसायचे, ते पुन्हा भरायचं. त्यांनी वर प्लास्टिक बांधलं, ते वाऱ्यानं फाटलं. नंतर माती लोटली तर तीही चिखलच. नवरात्रापर्यंत बुंधा काळा पडला. आबांनी नखानं साल खरवडली, आतनं हिरवी असायची ती तपकिरी निघाली. मग छाटून काड्या लावल्या, त्याही सडल्या.

मी त्यांच्यावर फार ओरडले. "इतकी वर्षं आईला विचारल्याशिवाय हात लावत नव्हता, आताच काय झालं होतं?" म्हातारा चिखलात उभा होता, गुडघ्यापर्यंत भरलेला. "फूल द्यायचं व्हतं गं तिला," एवढंच म्हणाले. मला त्यांची दया आली नाही, खरं सांगते. कार्तिकापर्यंत थांबले असते तर निदान झाड तरी राहिलं असतं, असंच वाटत होतं.

दिवाळी आली आणि गेली. आई होती. डॉक्टर म्हणाले, चिवट बाई आहे. संक्रांत झाली. आई वाळून कोळ झाली, पेज तेवढी पोटात राहायची, पण होती. आम्हाला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता. पण आबा परसात गेले की त्या मोकळ्या आळ्याशी थबकायचे. तिचा एकेक दिवस वाढत होता आणि तो माणूस आतल्या आत खचत होता.

मग फाल्गुन लागला. एका दुपारी आबा औषधं आणायला गेले होते. मी आईच्या उरल्यासुरल्या केसांतनं फणी फिरवत होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पुढच्या पावसाळ्यात तुझ्या माहेरनं, वाडीकडनं नवी काडी आणू या, आई."

"कुणासाठनं?" ती म्हणाली.

मी हसले. सवयच लागली होती.

"हसू नगंस," ती म्हणाली. "भादव्यात ह्यांनी न इचारता मुळं उकरली तवाच मला कळलं. फागुनापातूर मी ऱ्हाईत न्हाई. न्हाईतर त्यो माणूस असली घाई कशाला करंल?"

माझ्या हातातली फणी थांबली. "मग बोलली का नाहीस?"

"कुणासंगं बोलू? येणारा हसतोय, जाणारा हसतोय. तू बी दात काढत व्हतीस. मला भ्या वाटतंय म्हणून सांगाय एक माणूस न्हवतं ह्या घरात." दम लागला म्हणून ती थांबली. "आता तरी खरं सांग. डाक्टर काय म्हणालाय?"

"दिवाळीपर्यंत म्हणाले होते," मी सांगितलं.

"दिवाळी?" ती खरंच हसली. "म्हणून व्हय! तवापास्नं ह्यो माणूस रोज सकाळी माझ्या नाकाम्होरं हात धरतोय. मी झोपल्याचं सोंग करून पडते. म्हटलं, बघू दे बिचाऱ्याला."

आबा आले तेव्हा तिनं त्यांना खाटेवर बसवून घेतलं. "आता पुरं झालं. सगळं कळलंय मला, कवाच," ती म्हणाली. आबांच्या हातात औषधांची पिशवी तशीच होती. ते तिच्या पायांवर डोकं टेकून रडायला लागले. आईला त्यांच्याशी पुष्कळ बोलायचं होतं. दोन-तीन वाक्यांतच तिला ग्लानी आली.

त्यानंतर ती फारशी शुद्धीवर नव्हती, आणि महिना संपायच्या आत गेली. बोलायला भादव्यापासूनचे सगळे दिवस होते. ते आम्ही हसण्यात घालवले.