हिला मारलं कुणी?

भूतमामा ब्रश हातात घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे. "हिला मारलं कुणी?"

समोर खुर्चीत बसलेली नटी गोंधळून माझ्याकडे बघायची. दिग्दर्शक घड्याळात बघायचा आणि वैतागायचा. "अहो मामा, भूत आहे ते. फासा काहीतरी आणि द्या पाठवून." मामा ब्रश डब्यात परत ठेवायचे. "भूत हाय म्हंजे मेलीया. मेलीया म्हंजे कुणीतरी मारलीया. कोण त्यो, त्येवढं सांगा. मग लावतो की रंग." बुडवून मारली असेल तर तोंड फुगलेलं, जाळली असेल तर कातडं वेगळं, उपाशी मारली असेल तर डोळे वेगळे, असा त्यांचा हिशेब. दिग्दर्शकानं कधी विचारच केलेला नसायचा. मग तो तिथल्या तिथं काहीतरी बनवून सांगायचा, आणि खरं सांगते, त्या बनवलेल्या उत्तरामुळंच त्या भिकार सिनेमांत एखादा तरी शॉट बरा निघायचा.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरातले मोठे सिनेमे मुंबईला निघून गेले होते आणि आमच्या स्टुडिओत उरली होती ती पंधरा दिवसांत उरकणारी भुतं. मामा मेकअप करायचे, मी केस बघायची. मेकअपच्या खोलीत आम्ही दोघांनी पंधरा वर्षं एकाच आरशासमोर काढली. मला ते अक्का म्हणायचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असून.

रक्त ते काकवीचं करायचे. हंगामात गुऱ्हाळावरून किटली भरून आणायचे, तिच्यात रंग कालवायचे आणि बोटावर घेऊन चाखून बघायचे. "रगत ग्वाड पायजे, न्हायतर नटी थुकती." दुपारपर्यंत मेलेल्या माणसाला मुंग्या लागायच्या. एकदा एक खलनायक मरून पडलेला असताना ओरडत उठला आणि थेट नळाकडे पळाला. मामा हसून हसून खाली बसले होते. असा माणूस होता तो, नुसता गंभीर नव्हे.

पण भुताच्या बाबतीत त्यांना थट्टा खपायची नाही. "अक्का, सगळी भुतं बायकाच कशी वो?" ते मला विचारायचे. "आन त्याबी गरिबाच्या. पाटलाची पोरगी मेली तर तिची समाधी, आमची मेली तर हडळ." मी हसून विषय बदलायची. त्या 'आमची'कडं मी लक्ष दिलं नाही. द्यायला पाहिजे होतं. लक्ष्मीपुरीत आमचं दुकान, घर लिंगायत, सोप्याच्या भिंतीवर सगळी माणसं सारखी असं सांगणारं वचन फ्रेम करून टांगलेलं. मामा शूटिंगचा निरोप घेऊन दहा वेळा आमच्या दाराशी आले असतील. गल्लीत उभं राहून हाक मारायचे, निरोप द्यायचे, जायचे. आत या असं माझ्या तोंडून कधी निघालं नाही आणि त्यांनी कधी उंबऱ्याला पाय लावला नाही. त्या फ्रेमवरची धूळ मात्र मी रोज पुसायची. जळ्ळं माझं ते पुसणं!

मग तो मुंबईचा दिग्दर्शक आला. चलाख होता मेला. मामांच्या प्रश्नाबद्दल त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. पावसानं शूटिंग बंद पडलेलं, आम्ही चहा पीत बसलेलो, तेव्हा त्यानं मामांच्या शेजारी बसकण मारली आणि म्हणाला, "मामा, तुमच्या गावाकडं आहे का अशी कुणी? आणि तिला मारलं कुणी?" इतक्या वर्षांत मामांना त्यांचाच प्रश्न उलट विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. माणूस विरघळला. त्यांच्या गावाबाहेर कधीही न गेलेली गोष्ट त्यांनी आमच्यासमोर सांगितली.

त्यांचं गाव गगनबावड्याच्या वाटेवर. गावाच्या तळ्याचा बांध दर पावसात फुटायचा. कुणीतरी कौल लावला, बांध माणूस मागतोय. गावानं आपलं माणूस दिलं नाही, गावकुसाबाहेरचं उचललं. मामांच्या पणज्याची बहीण, तानी. नव्यानंच लग्न झालेलं. हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला, ओटीत खण-नारळ घातला आणि बांधाच्या खड्ड्यात जिवंत बसवून वरून माती ओढली. "बांध तवापास्नं फुटला न्हाय," मामा म्हणाले, "आन त्या तळ्याचं पाणी आमच्या वाडीला भरू दिलं न्हाय. माझ्या आज्ज्याच्या काळापतोर." दर वैशाखात बांधावरच्या दगडाची ओटी भरतात. आधी गावातल्या सवाष्णी, सगळ्या. वाडीतल्या बायका बांधाखाली उन्हात उभ्या. गावाचं आटपलं की मग यांनी वर जायचं. "ज्या तिच्या भाची-नाती, त्यांनाच शेवटचा नंबर. बोला आता!"

दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तेव्हा ते खरं वाटलं. "मामा, हाच सिनेमा करायचा," तो म्हणाला. "हे जगाला कळलं पाहिजे." मामा त्या दिवशी चहाचा कप हातात धरून तसेच बसले होते, चहा गार होईपर्यंत.

दोन हजार सालाच्या आसपास तो सिनेमा उभा राहिला. त्याच गावात, त्याच बांधावर. गावानं जागा दिली, जेवणं दिली, आणि एक अट घातली. ती अट मामांना कुणी सांगितली नाही. गावच्या शाळेचा एक वर्ग आम्हाला मेकअपला दिला होता. सकाळी दिग्दर्शकानं मामांच्या हातात चित्र ठेवलं. सुळे, लाल डोळे, उलटे पाय, पांढरं लुगडं.

"ही कोण?" मामा म्हणाले.

"तानी. आपण नाव बदललंय."

"आन हिला मारलं कुणी?"

 तेव्हा ती अट कळली, गावानं मारलं असं दाखवायचं नाही. सिनेमातली बाई चेटूक करणारी होती, गावातली पोरं खायची, पापाच्या भीतीनं तिनं स्वतःच तळ्यात जीव दिला होता, आणि शेवटी पाटलाचा शिकलेला नातू तिला जाळून गावाची सुटका करणार होता. "मग आसं कसं?" मामा एवढंच म्हणाले. निर्माता दारात उभा होता. "मामा, ज्या गावात जेवतोय त्याच गावाला नावं ठिवायची व्हय? लोकं पैसे दिऊन भ्याला येत्यात, भाषण ऐकाय न्हाय."

 मामांनी दार लोटून घेतलं, नटीला बसवलं आणि दोन तास काम केलं. ब्रश कमी, बोटं जास्त. सुळे लावले नाहीत. आपल्या पिशवीतलं हिरवं लुगडं काढून मला म्हणाले, "अक्का, नेसवा." ते त्यांच्या बायकोचं होतं. कपाळाला मळवट, नाकपुड्यांत आणि पापण्यांत बांधाची माती, नखं माती उकरून उकरून झिजलेली. केस मी विंचरले, खोपा घातला, मामा म्हणाले तसा. ती पोरगी शंभर माणसांच्या आवारात आली. कळशी घेऊन चाललेल्या एका म्हातारीनं कळशी खाली ठेवून हात जोडले. तिच्याकडं बघून भीती वाटत नव्हती, लाज वाटत होती. तेच तर मामांना पाहिजे होतं.

निर्मात्याला ते बरोबर कळलं. असल्या माणसांना असलं लगेच कळतं, मुडदा बशिवला त्यांचा! "ही भूत हाय व्हय? ही देवी दिसालीया. पुसा ते."

"माझ्या हातानं न्हाय पुसणार," मामा म्हणाले.

"मग तुमी पुसा हो बाई."

आणि मी पुसलं. दुसरं काय सांगू? खोबरेल तेलाचा बोळा घेतला आणि पुसलं. मला कुणी मारणार नव्हतं, माझं दुकान होतं, नवरा होता, मी तिथून उठून एसटीत बसले असते तर माझं काहीसुद्धा बिघडलं नसतं. कपाळ पुसलं, गाल पुसले. मामा आरशातून बघत होते. मी डोळ्यांपाशी आले तेव्हा ते म्हणाले, "अक्का, डोळ्यात त्याल जाऊ देऊ नका. पोरगीला झोंबंल." मग लुगड्याची घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली, डबा उचलला आणि गेले. स्टुडिओत ते पुन्हा कधी आले नाहीत. सुळे कुणीतरी दुसऱ्यानं लावले.

सिनेमा चालला. मी थिएटरात जाऊन बघितला. तिला पेटवली तेव्हा लोक खुर्च्यांवर उभे राहून शिट्ट्या मारत होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बरं झालं बया, सुटलं गाव."  तानीचा चेहरा पुसून त्या हडळीला जागा मीच तर करून दिली होती.

मामा पुढं शाळांच्या गॅदरिंगला मिशा चिकटवून द्यायचे असं कळायचं. भेटायला जावं असं दर वर्षी ठरवायची आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. ते गेल्याचंसुद्धा मला महिन्यानं समजलं. त्या वैशाखात मी खण, नारळ, तांदूळ घेतले आणि एकटी त्या गावाला गेले.

बांधाखाली रांग असेल असं वाटलं होतं. कुणीच नव्हतं. वर दगडापाशी सात-आठ बायका तेवढ्या, सगळ्या वाडीतल्या. त्यात मामांची मुलगी होती. नाक-डोळे तेच. मी तिच्या बापाबरोबर काम करायची एवढंच सांगितलं.

"गावातल्या बायका?" मी विचारलं.

"येत न्हाईत आता. पिच्चर आल्यापास्नं भित्यात. हडळ हाय म्हंत्यात. पोरंबी धोंडं मारत्यात येता-जाता." ती हसली, पण कसली हसली! "पयला मान आता आमचाच हाय, मावशी. दुसरं कुणी उरलंच न्हाय."

मी ओटीचं ताट पुढं केलं. तिनं हात आडवा घातला.

"आमच्या आबांनी नेम घातलाय. आदी सांगायचं, मग भरायची."

"काय सांगायचं?"

"हिला मारलं कुणी."

बाकीच्या बायका माझ्याकडं बघत होत्या. ऊन मी म्हणत होतं. मी म्हणाले, "एकदा गावानं मारलं. दुसऱ्यांदा आम्ही, सिनेमावाल्यांनी."

"'आमी' न्हाय चालत," ती म्हणाली. "गावबी 'आमी'च म्हंतंय. नाव घ्या."

मी त्या दगडासमोर उभी राहून माझं नाव घेतलं. आडनावासकट. चेहरा मी पुसला, तेही सांगितलं.

 मग तिनं हात बाजूला घेतला आणि म्हणाली, "भरा."