तालमीचा उंबरा

दुसऱ्या महायुद्धात माझी पलटण इटलीत होती. मी प्लॅटून हवालदार होतो. माझ्याच गावचा, सोनाळ्याचा हबीब माझ्या हाताखाली लान्स नाईक होता. आम्ही दोघे लहानपणापासून एकाच मातीत कुस्ती शिकलो. त्याच्या ढाक डावाला पंचक्रोशीत तोड नव्हती. मला त्याने किती वेळा चीत केले, ते सांगत बसत नाही.

पलटणीतला दिवस ठरलेला असे. पहाटे साडेचारला चहा, पाचला शस्त्रांची तपासणी, सहाला हालचाल. त्यातूनही हबीब शंभर बैठका काढायचाच. पाऊस असो, चिखल असो. आमचा गोरा कॅप्टन डोके हलवत निघून जायचा.

त्या सकाळी सहा दहाला आम्ही एक ओढा ओलांडत होतो. सॅपर्सनी, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या जवानांनी, सुरक्षित वाट दाखवायला दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावली होती. हबीबचा पाय घसरला आणि फितीच्या हातभर बाहेर पडला. माइन फुटली.

मी वायरलेसवर म्हणालो, “एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा.”

“चालू शकतो?”

“नाही.”

स्ट्रेचर आल्यावर मी चौघांना हुकूम दिला, “उचला.” हबीब काहीतरी सांगत होता. ते ऐकायला मी थांबलो नाही. डावा पाय गुडघ्याच्या वरून कापल्याचे मला चार दिवसांनी कळले.

लढाई संपली. मी पेन्शनीवर गावी आलो, तेव्हा हबीब घराच्या ओट्यावर बसलेला असायचा. दोन काठ्यांवर चालायचा, पण फारसा कुठे जात नसे. जायला जागाच नव्हती. त्याच सुमारास गावाने नवीन तालीम बांधायचे ठरवले. फौजी माणूस शिस्तीत काम करून घेईल म्हणून देखरेख माझ्याकडे आली. दारावर लावायला मी पाटीही रंगवून घेतली, ‘ही तालीम सर्वांसाठी खुली आहे’. पाटी रंगवायला काय जाते!

हबीबला कळले तसा तो काठ्या टेकत माझ्या घरी आला.

“शामराव, मले तालमीत शिकवाचं हाय. पाय गेला, डाव थोडेच गेले?”

“ये ना बे. तुयाशिवाय कोण शिकवणार?”

“मंग दाराले उंबरा ठेवू नको. आन् आत उतराले पायऱ्याच्या जागी मातीचा उतार कर. मी माया मी येईन, माया मी जाईन.”

“केलं समज,” मी म्हणालो. शब्द दिला. फौजी माणसाचा शब्द.

आमच्याकडे जुन्या तालमींचे दार बुटके असते आणि उंबरा गुडघाभर. वाकून आणि पाय उचलूनच आत जायचे, मातीला मान द्यायचा, ही रीत. आमचे वस्ताद गणपतराव म्हणजे दोघांचेही गुरू, सत्तरीचा माणूस. उंबरा नको म्हटल्यावर ते भडकले.

“काऊन? तालीम हाय का गोठा?”

“वस्ताद, हबीबले येता येत नाही.”

“त्यानं यावंच काऊन? खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवते का कोणी? भंगलेलं अंग मातीत नाही चालत.”

हबीब मुसलमान म्हणून ते बोलत नव्हते. त्यांनीच त्याला मांडीवर बसवून पहिला डाव शिकवला होता. पाय होता तोवर तो त्यांचा लाडका होता. मी इतकेच विचारायला हवे होते, की तो पाय कुठे गेला, वस्ताद? पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी “बरं” म्हणालो. लढाईत वाघ आणि गावात शेळी, अशी माझी गत. उंबरा बसला, तीन पायऱ्याही झाल्या. हबीबला मी ते सांगितले नाही. त्याच्या गल्लीतून जायचेच सोडले.

नागपंचमीला सकाळी आठ वाजता तालीम उघडली. सगळा गाव जमला होता. हबीब आला. धुतलेले धोतर, छातीवर पदक. दारापाशी येऊन तो उंबऱ्याकडे पाहत उभा राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिले.

लोक बघू लागले. मला दुसरे काही सुचले नाही. सुचले ते फौजी सुचले. चार पैलवानांना म्हणालो, “उचला.”

त्यांनी त्याला उचलले. बुटक्या दारातून न्यायचे म्हणून आडवा केला, पोत्यासारखा आत नेला आणि मातीवर ठेवला. त्याच्या काठ्या बाहेरच राहिल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हे लिहितानाही माझे कान तापतात.

हबीबने मातीवर हात ठेवून कपाळाला लावला. मग हळू आवाजात म्हणाला, “हवालदारसाहेब, तिकडं मी रक्तात पडलो होतो. तवा नाही इचारलं, ठीक हाय. आज तर इचाराचं होतं.”

जन्मात पहिल्यांदा त्याने मला शामराव म्हटले नाही.

तो वळला आणि बसल्या बसल्या पायऱ्या चढू लागला. मी हात पुढे केला.

“हात काढा.”

मी काढला. गुडघाभर उंबऱ्यावर तो पोटावर पडला, दोन्ही हात बाहेर रोवून त्याने अंग ओढून घेतले. पदक दगडावर घासल्याचा आवाज झाला. सगळा गाव पाहत होता. वस्ताद छताकडे पाहत होते. काठ्या घेऊन तो उभा राहिला आणि घरी गेला. पुन्हा कधी आला नाही. मी माफी मागायला दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो.

तिसऱ्या वर्षी तापाने हबीब गेला. मी खांदा दिला. तेव्हा मात्र त्याने हात काढा म्हटले नाही.

इटलीत माझ्या प्लॅटूनचे तिघे कामी आले. भिकाजी बासरी वाजवायचा, तुळशीराम घरची पत्रे माझ्याकडून वाचून घ्यायचा, दगडू सगळ्यांत लहान होता. त्यांची नावे घेताना माझी मान खाली जात नाही. चौथे नाव हबीबचे. ते घेताना जाते.

त्याची माती झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गवंडी बोलावला. वस्तादांना विचारले नाही. त्याने पहारीने उंबऱ्याचा दगड काढला, पायऱ्यांवर मुरूम टाकून उतार केला. ऊन चढायच्या आत काम उरकले. हात धुताना तो म्हणाला, “एवढंसं तर काम होतं, हवालदारसाहेब. इतके दिवस काऊन ठेवलं?”

“भेलो होतो,” मी म्हणालो.