गोरखचिंचेची पेज

मुटिंटा आरोग्यसेविका. आफ्रिकेतल्या झांबेझी नदीकाठच्या पाच वस्त्यांत फिरून बाळांची वजनं करायची, आयांना चार गोष्टी सांगायच्या, हे तिचं वीस वर्षांचं काम. आवाज मोठा, जीभ त्याहून तिखट. बायका तिला मान द्यायच्या. न देऊन करतात काय!

गोरखचिंचेवर मात्र तिचा भारी राग. ज्वारीच्या पेजेत त्या फळाचा पांढरा गर कालवून लेकरांना भरवायचा, ही तिथली पिढीजात रीत. "माकडाचं खाणं पोरांना घालता? दुकानातलं सरबत पाजा," असं ती चारचौघींत सुनवायची. लहानपणी शाळेत मुलींनी तिच्या डब्यातल्या ह्याच पेजेला नाकं मुरडली होती, ती सल अजून गेली नव्हती. आणि घरी दार लावून रोज सकाळी बाई तीच पेज चाटूनपुसून खायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

चार महिन्यांमागे एका वस्तीत माइन्झा नावाच्या बाईची सासू नातवाला ती पेज भरवत होती. पातेलं चुलीवरून उतरवून, निवल्यावर म्हातारीने गर घातला होता. मुटिंटाने सगळ्यांदेखत वाटी हिसकावली आणि कोंबड्यांपुढे ओतली. "म्हातारे, नातवाला मारतेस का?" त्या दिवसापासून माइन्झाने सासूला बाळाच्या खाण्याला हात लावू दिला नाही.

परवा वजनाच्या दिवशी तालुक्याची नवी नर्स आली. माइन्झाच्या बाळाचं वजन पुन्हा उतरलेलं. त्याच्या कार्डावर मुटिंटाच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आईचं दुर्लक्ष'.

"गोरखचिंच देत नाही का ह्याला?" नर्सने विचारलं. "संत्र्याहून कितीतरी जास्त सी जीवनसत्त्व असतं त्या गरात, कॅल्शियमही भरपूर. फक्त उकळू नका, खाली उतरवून घाला. कोणी शिकवलं नाही तुम्हाला?"

सगळ्या जमिनीकडे बघत राहिल्या. मुटिंटाचे कान तापले. गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण जनाची नाही तर मनाची तरी लाज असतेच की.

"मी शिकवलं," ती म्हणाली. "उलटं शिकवलं. आणि घरी मी स्वतः हीच पेज खाते."

"माहीत आहे, मावशी," मागून एक म्हणाली. "तुमच्या परसात टरफलांचा ढीग आहे."

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी ह्या तिचं ऐकत होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

दुपारी ती माइन्झाच्या अंगणात गेली. म्हातारी भुईमूग फोडत होती. मुटिंटा खाली मातीतच बसली आणि तिथल्या रीतीने हलक्या टाळ्या वाजवून माफी मागू लागली.

"मी चुकले, आई. तुमची पेज चांगली होती. बाळ वाळलं ते माझ्यामुळे."

म्हातारीचे हात थांबले.

"नक्की चांगली होती?"

"नक्की. नर्सबाई म्हणाल्या."

"माझी दोन लेकरं लहानपणी गेली," म्हातारी म्हणाली. "तीच पेज भरवायचे त्यांना. तू बोललीस, तेव्हापासून वाटत होतं, मीच मारलं. मी नाही ना गं मारलं?"

"नाही, आई," मुटिंटा म्हणाली. मान वर करायची मात्र तिला हिंमत झाली नाही.