टबाला दुसरा हात

चिंचवडचं आमचं रो-हाउस पप्पांनी एका अधिकाऱ्याकडून विकत घेतलं, तेव्हा बाथरूममधला ओतीव लोखंडाचा टबही त्यासोबत आला. त्यात कुणी कधी अंघोळ केली नाही. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून आई तो भरून ठेवायची. कपडे, फरशी, झाडं, सगळं त्यावर निघायचं. हळूहळू पांढरा मुलामा झिजला, तळाला गंज धरला आणि पाणी तांबूस दिसायला लागलं. आई म्हणाली, फोडून टाकू.

"फोडायचा कशाला? मी रंगवतो," पप्पा म्हणाले.

पप्पा चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होते. गाड्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीला अवकाश असतानाच त्यांनी काम सोडलं होतं. कारण विचारलं तर "कंटाळा आला" एवढंच सांगायचे. मी त्या दिवसांत घरूनच काम करायचे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यादेखत झालं.

त्यांनी टब रिकामा केला, गंज खरवडला, पॉलिश पेपरनं पाणी लावून घासला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, प्रायमर मारला. कामात असले की ते शीळ घालतात, हे मला तेव्हा कळलं.

मग रंग. पहिला हात मारला आणि दुपारी बघितलं तर कडेनं सगळीकडे ओघळ आलेले. "ब्रश खराब निघाला," म्हणाले. वाळल्यावर ओघळ घासून काढले आणि नवा ब्रश आणून दुसरा हात मारायला बसले. शीळ बंद झाली होती.

जेवायला बोलवायला मी गेले. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरून ठेवलं होतं, तरी ब्रश थरथरत होता. त्यांनी मला पाहिलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कंपनीत होतो तेव्हापासून. माझ्या हातच्या गाड्या तपासणीतून परत यायला लागल्या. मग मीच अर्ज दिला."

आई माझ्या मागे येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ओढणी कमरेला बांधून ती बाथरूममध्ये शिरली.

"द्या इकडे."

"अगं, रंगात हार्डनर मिसळलंय. घट्ट व्हायच्या आत मारायला लागतो."

"मग बोलत काय बसलाय? कुठून सुरू करू सांगा."

पप्पा बादली पालथी घालून तिच्यावर बसले. "वरून खाली ये. दाबू नकोस. मारलेल्या जागी परत जाऊ नकोस."

"पोळीला तूप लावते तसं?"

"त्याहून पातळ."

आईनं टब पूर्ण केला. एका कोपऱ्यात ब्रशचा केस चिकटून राहिला. पप्पांनी तो बघितला आणि तसाच राहू दिला. रंग पक्का होईपर्यंत आम्ही पिंपात पाणी साठवलं. नंतर टब भरला, तेव्हा तळ स्वच्छ दिसला.

आईनं डॉक्टरांची वेळ घेतली. पप्पा वाद न घालता गेले. गोळ्या सुरू झाल्या. थरथर कमी झाली, पण गेली नाही. आता ते चहाचा कप आमच्यासमोरही दोन्ही हातांनी धरतात.