ऊब टिकेल तोवर

कोरोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या भाड्याच्या घरातला कपडे वाळवायचा जुना गॅसचा ड्रायर फिरायचा, पण तापायचा नाही. दुरुस्तीला आलेले गृहस्थ साठीचे होते. मी मास्क लावून दीड मीटर लांब, दारात उभी. ड्रायरच्या खालच्या भोकातून बराच वेळ वाकून पाहत ते म्हणाले, "ज्योत पेटते, पण टिकत नाही."

गॅसच्या व्हॉल्व्हची कॉइल बदलून झाल्यावर त्यांनी ताप बघावा तसा उलटा हात ड्रमला लावला. मग जरा अवघडून विचारलं, "तपासायला माझाच कपडा टाकला तर चालेल?"

व्हॅनमधून त्यांनी बायकोचा ओलसर फ्लॅनेलचा गाऊन आणला. घरी रात्रभर टांगूनही तो वाळला नव्हता. ती केअर होममध्ये होती. भेटी बंद होत्या. धुतलेल्या कपड्यांची पिशवी दाराशी ठेवायची, एवढीच मुभा.

गाऊन वाळल्यावर त्यांनी त्याची घडी घातली, जाकिटाच्या आत छातीशी धरली आणि चेन वर ओढली.

"तिला सारखी थंडी वाजते. इथून दहाच मिनिटं आहेत. ऊब टिकेल तोवर."

वसंतात ड्रायर पुन्हा गार पडला. तेच आले. मागच्या नळीत अडकलेला कपड्यांचा भुगा त्यांनी काढला. मी आपण होऊन म्हटलं, "तुमचं काही वाळवायचं असेल तर टाका ना."

त्यांनी वर पाहिलं नाही. "नको. या वेळी तुमचाच एखादा टॉवेल द्या."

मी टॉवेल नळाखाली धरला आणि उगीच बराच वेळ पिळत राहिले.