कंदिलाच्या उजेडातली आंटी

कंदिलाच्या उजेडात बसलेल्या बाईचं चित्र मी कंदिलाच्याच उजेडात रंगवलं. ज्यांनी तैलरंग हाताळलेत ते इथंच हसतील. बाकीच्यांनी जरा थांबावं.

साठ सालानंतरची गोष्ट. वाकोल्याला एका आंटीच्या घरात मी आणि माझा मित्र खोली भाड्यानं घेऊन राहत होतो, दोघंही चित्रकला शिकणारे. आंटी तिथल्याच जुन्या ख्रिस्ती घरातली. लाल लुगडं, कानांत जड सोनं. एकदा ती बोलून गेली, दोघं माझं चित्र काढा, चांगलं असेल ते नाताळाला पुढच्या खोलीत लावीन. झालं. त्या भिंतीसाठी मी जीव टाकला. कारण त्या घरात मित्राला आधीच सगळं मिळत होतं: कालवणातला रावसाचा जाड तुकडा, खिडकीजवळची खाट आणि आंटीच्या भाचीचं हसू. मला भाची एवढंच विचारायची, तुमचा मित्र कुठाय.

दुपारी खिडक्या लावून आंटी कंदिलाशेजारी बसायची. मित्राचं एक विचित्र होतं. रंग कालवायचे झाले की पॅलेट घेऊन हा दाराबाहेरच्या ओट्यावर जाणार, परत येऊन दोन फटकारे मारणार, पुन्हा बाहेर. ओट्यावर भाची तांदूळ निवडत बसलेली. मी काय समजायचं ते समजलो आणि जळत राहिलो. जागचा मात्र हललो नाही. कंदिलाखाली पिवळा रंग फिका वाटे, म्हणून मी आणखी पिवळा ओतत होतो. दिसतही होतं झकास. म्हटलं, कर लेका प्रेम, भिंत माझी.

नाताळ जवळ आला तशी दोन्ही चित्रं अंगणात आणली. मित्राच्या आंटीच्या गालावर दिव्याची ऊब होती, मागचा अंधार तांबूस. माझी आंटी हळदीच्या पिंपातून काढल्यासारखी. रंग दिवसाच्या उजेडात पारखावा, एवढ्यासाठीच तो बाहेर जात होता. भाचीकडे त्यानं मान वर करून पाहिलंदेखील नव्हतं. हे तिनंच सांगितलं, तेही जरा फुगूनच. म्हणजे तिथंही मी हिशेबात नव्हतो.

आंटीनं मित्राचं चित्र पुढच्या खोलीत लावलं. मग माझं उतरलेलं तोंड बघून म्हणाली, "तुझं पण लावते रे. मागे लाकडं ठेवते ना, त्या खोलीत. तिथं कंदील नेल्याशिवाय काय दिसत नाय."